‘नाव काढणे’ आणि ‘फोटो काढणे’ : जव्हार-मोखाडा परिसरातील काही निरीक्षणे

बोलीचे नमुने गोळा करण्यासाठी पाड्यापाड्यांवरून हिंडणाऱ्या अभ्यासकाची एका अडचणीशी हटकून गाठ पडते. आपण नोंद घेऊ लागलो, की त्याच क्षणी बोलणाऱ्याची भाषा बदलते. मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या दिवसांत मी एका वृद्ध वारली बाईंशी बोलत बसलो होतो. अंगणात नागलीचा ढीग पडला होता, आजी सुपाने नागली पाखडीत होत्या आणि पाखडता पाखडता राब कसा भाजतात, पालापाचोळा आणि शेण कोणत्या जमिनीवर किती पसरावयाचे, रोपे कधी उपटावयाची हे सांगत होत्या. सांगण्यात रंग भरला तेव्हा मला मोह आवरला नाही. मी मोबाइल पुढे धरला. आजींनी सूप खाली ठेवले, डोक्यावरचा पदर सावरला, पाय जुळविले आणि त्या पुन्हा बोलू लागल्या. पण ते बोलणे मघाचे नव्हते. ‘नाय’च्या जागी ‘नाही’ आले, वाक्ये तुटक झाली, हात मांडीवर स्थिर झाले. बोलणे संपल्यावर त्यांनी मला विचारले, “बरी आली का मी?”

भाषाविज्ञानात या अडचणीला एक प्रतिष्ठित नाव आहे. विल्यम लबाव्ह यांनी १९७२ साली आपल्या ग्रंथात तिची मांडणी केली. कोणी लक्ष ठेवीत नसताना माणसे कशी बोलतात हे आपणांस जाणून घ्यावयाचे असते, आणि ते जाणून घेण्याचा मार्ग मात्र लक्ष ठेवणे हाच असतो. लबाव्ह यांनी यावर काही तोडगेही सुचविले. बोलणाऱ्याला त्याच्या जिवावर बेतलेला प्रसंग विचारावा, म्हणजे तो प्रसंगात शिरतो आणि यंत्राला विसरतो, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. लबाव्ह २०२४ च्या डिसेंबरात निवर्तले. त्यांच्यापुढची अडचण ध्वनिमुद्रणाची होती. आज प्रत्येकाच्या खिशात यंत्र आहे आणि ते आवाजापेक्षा चेहरा अधिक टिपते. जी अडचण पूर्वी क्षेत्रीय अभ्यासकापुरती होती ती आता सर्वांचीच झाली आहे.

आजींच्या प्रश्नाकडे मात्र माझे लक्ष पुनःपुन्हा जात राहिले. ‘माझे बोलणे बरे आले का’ असे त्यांनी विचारले नाही. ‘मी बरी आले का’ असे विचारले. फोटोत माणूस ‘येतो’ असे आपण म्हणतो. हा प्रयोग आपल्या इतक्या अंगवळणी पडला आहे, की त्यात काही विशेष आहे असे वाटत नाही. वस्तुतः पाहणे, पाहिले जाणे आणि त्यावरून एखाद्याच्या आयुष्याचे मोल ठरविणे यांची जी व्यवस्था मराठीने आपल्या क्रियापदांत लावून ठेवली आहे, ती फोटोने एका नेमक्या जागी मोडली असावी, असा माझा तर्क आहे. तो तर्क जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात तपासून पाहावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम क्रियापदांकडे वळू. ‘पाहणे’ या क्रियापदात पाहणारा कर्ता असतो. ‘दिसणे’ या क्रियापदात मात्र पाहणारा चतुर्थीत जातो आणि दिसणारा कर्ता होतो : ‘मला तो दिसला.’ क्रियापद दिसणाऱ्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. म्हणजे दिसणे ही दिसणाऱ्याची कृती आहे, आणि पाहणारा तिचा केवळ मानकरी आहे. ‘दाखविणे’ यात दिसणारा एक पाऊल पुढे टाकतो. शिवाय दृष्टीस पडणे आणि अमुक प्रकारचे भासणे या दोहोंना आपण ‘दिसणे’ हाच शब्द वापरतो. ‘तो बाजारात दिसला’ आणि ‘तो खंगलेला दिसला’ यांत क्रियापद एकच. ‘हल्ली दिसत नाहीस’ या वाक्यात तर सारी आस्था साठविलेली असते. त्याचा अर्थ डोळ्यांना भेट नाही एवढाच नसून, तू बरा आहेस ना, आमच्यात आहेस ना, असा असतो. दिसावे अशी इच्छा म्हणजे केवळ मिरविण्याची हौस, असे जे सरसकट म्हटले जाते ते म्हणून मला पटत नाही. खेड्यात दिसणे म्हणजे असणे होते.

त्याचबरोबर दिसण्याची भीतीही भाषेत आहेच. ‘दृष्ट लागणे’ ही कल्पना असे सांगते, की कौतुकाने पाहिलेलेही बाधते. म्हणून बाळाच्या गालाला काजळाचे बोट लावावयाचे आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढावयाची. ‘पाहून घेईन’ ही तर उघड धमकीच आहे!

आता ‘काढणे’. हिंदीत फोटो ‘खींचते’ म्हणजे ओढतात. आपण तो ‘काढतो’, आणि हा प्रयोग ‘चित्र काढणे’ यावरून आला हे उघड आहे. पण ‘काढणे’ हे मराठीतील फार कामसू क्रियापद आहे. आपण काटा काढतो, आठवण काढतो, उणे काढतो, दृष्ट काढतो. हलाखीत दिवस काढतो. आणि कर्तृत्व गाजविले तर नाव काढतो. यांपैकी शेवटचा प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ‘मुलाने बापाचे नाव काढले’, ‘पोरीने गावाचे नाव काढले.’ येथे नाव एकाचे आणि काढणारा दुसरा. लौकिकासाठी निदान दोन माणसे लागतात आणि त्यांच्यात काहीतरी नाते लागते. शिवाय नाव निघते ते लोकांच्या तोंडून. निंदेलाही आपण ‘नावे ठेवणे’च म्हणतो. ‘लोक काय म्हणतील?’ हा आपल्याकडचा सनातन धाक. तो ‘लोक काय पाहतील’ असा नाही. आयुष्याचा निवाडा ही बोलण्याची गोष्ट होती, आणि बोलण्याला उत्तर देता येते. ‘असे का म्हणालास?’ असे विचारता येते. भांडता येते, साक्षीदार आणता येतो.

‘फोटो काढणे’ यातही काढणारा एक आणि ज्याचा काढावयाचा तो दुसरा. पण त्यांच्यात नाते असण्याची गरज उरत नाही, आणि कोणी काही बोलण्याचीही नाही. व्यवस्था मोडली ती या जागी. ‘माझा फोटो’ या षष्ठीचा घोटाळाही येथेच आहे. मी ज्यात आहे तो फोटो, मी काढलेला फोटो आणि माझ्या मालकीचा फोटो, हे तीनही अर्थ या दोन शब्दांत मावतात. शहरी मध्यमवर्गीय माणसाच्या बाबतीत हे तीन अर्थ बहुधा एकत्र नांदतात. जव्हार-मोखाड्यातील माणसांचे असे असंख्य फोटो जगात आहेत, की ज्यांत ती आहेत, परंतु जे त्यांनी काढलेले नाहीत, त्यांच्यापाशी नाहीत, आणि बहुतेक त्यांनी कधी पाहिलेलेही नाहीत.

याचा इतिहास जुना आहे. छायाचित्रणाची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नावाजलेले छायाचित्रकार होते. म्हणजे एतद्देशीय माणूस कॅमेऱ्याच्या मागेही लवकरच गेला. पण ज्यांच्यापुढे कॅमेरा धरला गेला त्यांची गोष्ट निराळी. मुंबईत वावरणाऱ्या जातीजमातींचे फोटो विल्यम जॉन्सन यांनी दोन खंडांत प्रसिद्ध केले, १८६३ आणि १८६६ साली. त्यांत माणसांचे फोटो एके ठिकाणी काढून त्या आकृती कापून भलत्याच देखाव्यांवर चिकटविलेल्या आहेत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन आणि के यांनी संपादिलेला हिंदुस्थानच्या लोकांविषयीचा आठ खंडांचा सचित्र ग्रंथ निघाला. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो आहेत आणि ते बहुतांशी माणसांचे नसून ‘नमुन्यां’चे आहेत. फोटोखाली जमातीचे नाव येते, माणसाचे क्वचितच. आम्हां भाषाभ्यासकांनाही येथे फारसे नामानिराळे राहता येणार नाही. ग्रीअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील १९०५ च्या सातव्या खंडात वारली आणि कातकरी बोलींचे नमुने आहेत; पण ते नमुने म्हणजे प्रायः उधळ्या पुत्राच्या बायबलमधील गोष्टीची भाषांतरे होत. सांगणाऱ्याची स्वतःची गोष्ट काय होती, हे त्या वेळी कोणाला विचारावेसे वाटले नाही.

या भागाचे जे चित्र उर्वरित महाराष्ट्राच्या मनात आज आहे ते मात्र १९९२-९३ सालचे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके दगावली आणि हाडांचा सापळा झालेल्या मुलांचे फोटो राज्यभर पोचले. त्या फोटोंनी जे केले ते कमी लेखता येणार नाही. जे वर्षानुवर्षे घडत होते आणि ज्याविषयी लिहून येतच होते, त्याकडे शासनाला वळून पाहावे लागले. मंत्र्यांच्या गाड्या पहिल्यांदा त्या वाटेला लागल्या. पुढेही, २०१६ साली या परिसरातील बालमृत्यूंनी पुन्हा उचल खाल्ली तेव्हा, तेच घडले. फोटो काढू नयेत असे म्हणणाऱ्याने या गोष्टीचा विचार केला पाहिजे. परंतु याचे दुसरे टोकही आहे. नाव काढणे म्हणजे काय हे वर सांगितले; येथे मुलखाचे नाव निघाले ते त्याच्या उपासमारीमुळे, आणि ते काढणारे बाहेरचे होते. मूळचा जव्हारकडचा माझा एक विद्यार्थी वसतिगृहात स्वतःचे गाव ‘नाशिकच्या अलीकडे’ असे सांगत असे. का, असे विचारल्यावर म्हणाला, “सर, जव्हार म्हटले की समोरचा माझ्या दंडाकडे पाहतो.”

हे त्याने विनोदाने म्हटले, पण ‘दंड’ हा शब्द त्याच्या तोंडी सहज आला नव्हता. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित गणले जाते. हा मोजण्याचा फीतपट्टा या भागातील प्रत्येक आईच्या ओळखीचा आहे. तोही एक प्रकारे पाहणेच. पण तो लावणारी अंगणवाडीसेविका त्या मुलाला नावाने हाक मारते, आणि मोजून झाले म्हणजे तिला पुढे काहीतरी करावे लागते.

अलीकडच्या दशकात कॅमेरा येथे आला आहे तो निराळ्या वेषात. २०१० च्या सप्टेंबरात देशातील पहिले आधार-ओळखपत्र दिले गेले ते महाराष्ट्रातीलच एका आदिवासी गावी, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे. तेव्हापासून चेहरा हा कागदपत्राचा भाग होत गेला. घरकुलाचा हप्ता मिळावयाचा तर पाया, भिंती, छप्पर अशा टप्प्यांवर बांधकामाचा स्थाननिर्देशासह फोटो चढवावा लागतो. परंतु सर्वांत बोलके उदाहरण रोजगार हमीचे. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात ही कल्पना रुजविली, १९७७ साली तिचा कायदा केला आणि पुढे ती देशाने उचलली. कामाची नोंद हजेरीपटावर, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘मस्टरवर’, होत असे. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र शासनाने सार्वजनिक कामांवर मोबाइलवरून हजेरी सक्तीची केली. दिवसातून दोन वेळा, वेळेच्या आणि स्थानाच्या नोंदीसह, मजुरांचा फोटो काढून तो जागेवरून पाठवावयाचा. डोंगरउतारावर समतल चर खणणाऱ्या मजुराला मोबाइलची लहर मिळावी ही अपेक्षा ज्या कार्यालयात निपजली तेथून सूर्यमाळचा चढ दिसत नसावा. ‘दिवस भरला’ हा मजुरीतला जुना शब्द आहे. त्याचा अर्थ अंगावेगळे केलेले काम असा होता; आता दिवस भरण्यासाठी खणणे पुरेसे राहिले नाही, खणणारा दिसलाही पाहिजे असे झाले.

ही सक्ती गैरव्यवहार रोखण्यासाठी होती आणि तो हेतू काही खोटा म्हणता येणार नाही. खोट्या हजेऱ्या हा या योजनेला जडलेला जुना रोग होता. पण २०२५ च्या जुलैत केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून कबूल करावे लागले, की कित्येक ठिकाणी भलतेच फोटो चढविले जातात, किंबहुना फोटोचाच फोटो काढून पाठविला जातो. याच महिन्यापासून अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या पोषण आहारासाठी मातेच्या चेहऱ्याची यंत्राकडून ओळख पटविणे आवश्यक झाले. जिला सेविका जन्मापासून ओळखते तिला यंत्राने ओळखले नाही तर काय करावयाचे, हा प्रश्न आता प्रत्यक्षात उपस्थित होऊ शकतो. पूर्वी सरकारी माणूस गावात येई तेव्हा लोक त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडीत. ऐकणे ही त्याची निदान औपचारिक जबाबदारी असे. फोटोला गाऱ्हाणे ऐकू येत नाही.

येथे थोडे थांबून या लोकांची स्वतःची चित्रपरंपरा पाहिली पाहिजे, कारण चेहऱ्यावाचून माणूस कसा ओळखावा याचे उत्तर ती शतकानुशतके देत आली आहे. वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखतात आणि त्यात पालघट देवी येते. चौक काढण्याला तेथे ‘लिहिणे’ असाही शब्द आहे. संस्कृत ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेखाटणे असा असल्याने यात आश्चर्य नाही. आपण प्रमाण मराठीत लिहिणे अक्षरांपुरते ठेवले, त्यांनी चित्रासाठीही जपले. या चित्रांतील माणूस म्हणजे दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि चार काड्या. चेहऱ्याला नाक-डोळे नाहीत. तरीही कोण नांगर धरतो, कोण ताडावर चढतो, कोण तारपा वाजवतो आणि कोण हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरतो, हे चटकन ओळखू येते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत माणसे मुंगीएवढी असतात, पण काहीतरी करीत असतात. माणूस तेथे क्रियापदाने ओळखला जातो. ओळखपत्रावरच्या फोटोत नेमके उलटे : चेहरा सगळा आहे, आणि क्रिया मुळीच नाही. वर सांगितलेल्या आजींनी सूप खाली ठेवले ते याच कारणाने असावे. फोटोत काही करावयाचे नसते, नुसते असावयाचे असते, हे त्या शासकीय कार्यालयात शिकल्या होत्या.

दुसरे उदाहरण बोहाड्याचे. जव्हार-मोखाडा भागात होळीपासून वैशाखापर्यंत गावोगाव बोहाडा होतो. गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी देवादानवांची सोंगे मुखवटे चढवून, मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर नाचत येतात. कित्येक गावी ठराविक सोंग ठराविक घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेले असते. माणसाने साऱ्या गावासमोर यावे, सर्वांनी त्याच्याकडे टक लावून पाहावे, असा हा प्रसंग. पण चेहरा मुखवट्याआड असतो, आणि दुसऱ्या दिवशी चर्चा होते ती ‘सोंग वठले की नाही’ याची. बापाचे पाऊल पोराला साधले का, मुखवट्याचे वजन त्याला पेलले का, नरसिंह अंगात भिनला का, याची. चर्चा करणारे सर्व जाणकार, कारण त्यांनी त्याचा बापही पाहिलेला. पाहिले जाण्याची ही रात्र वर्षातून एकदाच येते आणि मुखवटा उतरला की संपते. आता पाहणाऱ्यांच्या हातांत मशालींइतकेच मोबाइल असतात, आणि मुखवटा उतरवून घाम पुसणाऱ्या माणसाचाही फोटो निघतो. सोंग संपले केव्हा हे कळेनासे झाले आहे.

सोंगावरून आठवले. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आता मागे घ्यावी लागेल. दुसऱ्याच्या मोटारीला टेकून काढलेल्या फोटोत पैशाचेही सोंग बेमालूम वठते.

पावसाळ्यात दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, खोडाळ्याचा रस्ता येथे मुंबई-नाशिकची मंडळी लोटतात. आवणी चालू असलेल्या खाचराजवळ गाड्या थांबतात, चिखलात वाकलेल्या बायांना ‘जरा इकडे बघा’ अशी विनंती होते, क्वचित लावलेले रोप पुन्हा लावून दाखवावयास सांगितले जाते. यात दुष्टावा नसतो. जॉन्सनच्या खंडांतील कापून चिकटविलेल्या आकृतींची मला मात्र आठवण होते. त्याच धबधब्यापाशी दुपारनंतर गावची पोरेही येतात आणि पाहुण्यांनी जशी ऐट धरली होती तशीच ऐट धरून स्वतःचे फोटो काढतात. हीच मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. तेथून त्यांचे फोटो येतात ते समुद्राचे, उंच इमारतींचे, नव्या चष्म्याचे. वीट कधी दिसत नाही. पाड्यावर राहिलेला मित्र हे फोटो पाहतो आणि आपण मागे राहिलो असे समजतो. त्याला कोणी सांगत नाही, की पाठविणारा विटाच थापतो आहे.

लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली असे प्रतिपादन केले, की माणूस आपले बरेवाईट ठरविण्यासाठी बाहेरचे मापक सापडले नाही तर इतरांशी तुलना करतो, आणि तीही आपल्यासारख्यांशीच. पाड्यावरचा मुलगा पूर्वी शेजारच्या मुलाशी तुलना करी. त्याच्या घरातले रिकामे मडके आणि भरलेले मडके दोन्ही त्याला माहीत असत. आता तुलना ज्याच्याशी होते तो वाटतो आपल्यासारखा, पण त्याचे मडके दिसत नाही. शिवाय स्वतःच काढलेल्या स्वतःच्या फोटोत काढणारा आणि निघणारा प्रथमच एक होतात. ‘नाव काढणे’ या प्रयोगाला ज्या दुसऱ्या माणसाची गरज होती तो येथे नाहीसा झाला. उरतात ते पाहणारे, आणि ते काही म्हणत नाहीत; अंगठा किंवा बदाम उमटवितात. त्यांची संख्या मोजता येते. ‘लोक काय म्हणतील’ याची जागा ‘किती जणांनी पाहिले’ याने घेतली, आणि मला या सर्व प्रकरणात खरी हानी दिसते ती ही. म्हणण्यात कारण असते. ‘तो दारूपायी शेत गहाण ठेवून बसला’ हे वाक्य कठोर असेल, पण त्यातून काय सुधारावयाचे हे समजते. सदतीस बदाम का, आणि कालच्यापेक्षा कमी का, याला कारण नसते. म्हणून ते मनात घोळत राहते.

तथापि जुन्या ‘चार लोकां’चे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. एखाद्या बाईला भुताळी ठरवून गावाबाहेर काढणारे तेच चार लोक होते. विधवेला, घर सोडून शिकणाऱ्या मुलीला नावे ठेवणारेही तेच. बोलण्याला उत्तर देता येते असे मी वर म्हटले, पण उत्तर देण्याची मुभा सर्वांना सारखी कधीच नव्हती. आश्रमशाळेतून पुढे शिकावयास आलेल्या एका मुलीने मला सांगितले, की लहानपणापासून तिचे जेवढे फोटो निघाले ते सर्व दाखल्यांसाठी किंवा गणवेश-वाटपाच्या समारंभात निघाले. स्वतःच्या मनाने उभी राहून तिने काढलेला पहिला फोटो म्हणजे पहिल्या पगारातून घेतलेल्या मोबाइलवरचा. त्या फोटोला तिने किती जपले असेल याची कल्पना, ज्यांचे अल्बम बारशापासून भरलेले आहेत, त्यांना येणार नाही. नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास करून १९९७ साली ग्रंथ लिहिणारे क्रिस्टोफर पिनी यांनीही हेच नोंदविले आहे, की तेथील माणसे फोटोत आपण आहोत तसे नव्हे, तर आहोत त्याहून बरे येऊ इच्छितात. ‘बरी आली का मी’ या प्रश्नाची ही दुसरी बाजू आहे.

आणि कॅमेरा उलट दिशेने फिरविलेलाही या भागात दिसतो. भर पावसात रस्त्याअभावी रुग्णाला किंवा गरोदर बाईला बांबूच्या डोलीतून ओढ्यापलीकडे नेतानाच्या चित्रफिती अलीकडे पाड्यावरचे तरुणच काढतात आणि बाहेर पाठवितात. त्यांत चेहरे बहुधा दिसत नाहीत. खाली पाहून चालणारी माणसे, वाकलेले खांदे, गुडघाभर पाणी. वारली भिंतीवर लिहावे तसे हे चित्र असते. काय चालले आहे ते कोणालाही कळते. अशा चित्रफितींवर मात्र लोक बोलतात, आणि अधिकाऱ्यांनाही काहीतरी बोलावे लागते.

माझ्या क्षेत्रीय कामापुरता मी आता एक नियम केला आहे. पहिला अर्धा तास यंत्र बाहेर काढावयाचे नाही, आणि काढले तर समोरच्याचे हात मोकळे राहतील असे काम चालू असतानाच काढावयाचे. याने लबाव्ह यांची अडचण सुटत नाही, पण ‘नाय’चे ‘नाही’ होण्याचे प्रमाण कमी होते असा अनुभव आहे.

पुढच्या वर्षी त्या पाड्यावर पुन्हा जाण्याचा योग आला तेव्हा चित्रफितीतील एका क्षणाचा फोटो कागदावर छापून मी आजींसाठी नेला होता. त्यांनी तो बराच वेळ उजेडाकडे धरून पाहिला. मग मला विचारले, “आणि नागली कुठं गेली?” ढीग त्यांच्या डाव्या हाताला होता, चौकट जुळविताना मीच तो वगळला होता. तसे मी सांगितले. त्या वर्षी नागली चांगली आली होती, ती यात यावयास हवी होती, असे त्या म्हणाल्या, आणि फोटो त्यांनी शिधापत्रिकेच्या डब्यात ठेवून दिला.